करणारा आणि करविता

इसवी सन १७७३ च्या ऑगस्टच्या ३० तारखेस पुण्याच्या शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांची हत्या केली. मारणारे हात कोणाचे होते हे ओळखण्यासाठी न्यायाधीशाची गरज नव्हती. सुमेरसिंग, खरकसिंग, महंमद इसफ या गारद्यांच्या सरदारांची नावे उघड होती. रामशास्त्री प्रभुण्यांनी शोध आरंभिला तो दुसऱ्याच गोष्टीचा. तलवारी उपसणाऱ्यांना तसे करण्यास कोणी सांगितले, आणि नेमक्या कोणत्या शब्दांनी सांगितले, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. राघोबादादांनी गारद्यांना दिलेल्या कागदावर ‘नारायणरावास धरावे’ असे होते आणि आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला, असे परंपरा सांगते. या अक्षरबदलाविषयी इतिहासकारांत एकमत नाही. तरी शोधाचा रोख जेथे पोचावयाचा तेथे पोचला. पेशवेपदावर बसलेल्या राघोबांना रामशास्त्र्यांनी देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही असे तोंडावर सांगितले, आणि त्यांची नोकरी सोडून ते पुण्याबाहेर पडले, ही आठवण महाराष्ट्राने अडीच शतके जपली आहे.

या कथेतील एका बारकाव्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ‘धरावे’ एवढेच राघोबांनी लिहिले, ‘मारावे’ हे त्यांचे अक्षर नव्हे, असे घटकाभर मानले तर राघोबा खुनाच्या दोषातून सुटतात काय? लोकमानसाने या प्रश्नाचे उत्तर बहुधा होकारार्थी दिले आणि सारा दोष आनंदीबाईंच्या लेखणीवर ढकलून दिला. कायद्याचे उत्तर तितके सोपे नाही. थकलेल्या पगारासाठी चिडलेल्या, हत्यारबंद भाडोत्री शिपायांना एखाद्यास ‘धरा’ म्हणून सांगणारा मनुष्य त्या आज्ञेचा संभाव्य परिणाम काय होईल हे जाणत नव्हता, असे म्हणता येईल काय? भारतीय दंडविधानाने हा प्रश्न जवळजवळ याच स्वरूपात विचारला आहे. एकाने दोघांना हत्यारे पुरवून मध्यरात्री एका घरावर दरोडा घालण्यास पाठविले. घरधन्याने प्रतिकार केला. त्या दोघांनी त्याला ठार केले. तो खून हा दरोड्याच्या चिथावणीचा संभाव्य परिणाम ठरत असेल, तर पाठविणारा खुनाच्या शिक्षेस पात्र होतो, असे संहितेतील दृष्टान्त सांगतो. अक्षर ‘ध’ असो वा ‘मा’, कायदा अक्षराच्या पलीकडे पाहू इच्छितो.

गुन्हा स्वतः न करता दुसऱ्यास करावयास लावणे, यास कायद्याच्या अधिकृत मराठीत ‘अपप्रेरणा’ असे नाव आहे. शब्द परीक्षेत लिहिण्यास बरा, तोंडी वापरण्यास अवघड. बोलभाषेला त्याची गरजही पडलेली नाही. फूस लावणे, चिथावणे, कान भरणे, भरीस घालणे, काडी टाकून बाजूला होणे, दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणे, परस्पर काटा काढणे: एकाच दुष्कृत्याच्या इतक्या छटा ज्या भाषेने टिपून ठेवल्या, ती बोलणाऱ्यांना त्याचा अनुभव कमी नसावा.

ज्या कायद्याने या छटांना शिस्त लावली त्याचा मसुदा मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील पहिल्या विधी आयोगाने १८३७ साली सरकारला सादर केला. तो कायदा म्हणून मंजूर व्हावयास १८६० साल उजाडले आणि १ जानेवारी १८६२ पासून त्याचा अंमल सुरू झाला. चिथावणी, कट आणि जाणूनबुजून केलेले साहाय्य असे अपप्रेरणेचे तीन मार्ग त्याच्या १०७ व्या कलमाने सांगितले. १ जुलै २०२४ रोजी या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि हा विषय आता तिच्या ४५ ते ६० या कलमांत आला आहे. क्रमांक बदलले, गाभा तोच राहिला. दीडशे वर्षांहून अधिक काळ टिकलेल्या या तरतुदींचे सामर्थ्य त्यांच्या व्याख्यांपेक्षा त्यांना जोडलेल्या छोट्या छोट्या दृष्टान्तांत आहे, हे कायद्याचे पुस्तक कधी न उघडणाऱ्या वाचकासही पटावे.

त्यांतील सर्वांत लहान दृष्टान्त सर्वांत महत्त्वाचा आहे. ‘क्ष’ने ‘य’ला तिसऱ्याचा खून करण्यास चिथावले, ‘य’ने नकार दिला. खून झाला नाही, कोणाच्या अंगावर ओरखडाही उठला नाही. तरीही ‘क्ष’ खुनास अपप्रेरणा देण्याचा अपराधी आहे. सामान्य बुद्धीला हे प्रथमदर्शनी खटकते. घडलेच काही नाही, मग शिक्षा कशाची? मनातल्या पापाला राजदंड नसतो, हे तत्त्व तर सर्वमान्य आहे. १८०१ साली इंग्लंडमधील एका खटल्यात हाच युक्तिवाद झाला होता. हिगिन्स नावाच्या इसमाने एका नोकराला मालकाचे सूत चोरण्यास सांगितले होते आणि चोरी झालेली नव्हती. नुसता हेतू दंडनीय नसतो, कृती लागते, असे बचावपक्षाचे म्हणणे. न्यायपीठाने दिलेले उत्तर आजही या शाखेचा पाया मानले जाते: दुसऱ्यास गुन्हा करण्याची गळ घालणे ही स्वतःच एक कृती आहे. विचार मनात असेपर्यंत तो विचार करणाऱ्याच्या ताब्यात असतो, फार तर त्याच्या ईश्वराच्या. तो दुसऱ्याच्या कानात घातला की त्याच्यावरचा ताबा सुटतो. पुढे काय घडावे हे ऐकणाऱ्याच्या स्वभावावर, गरजेवर आणि संधीवर अवलंबून राहते. ऐकणारा सज्जन निघाला यात सांगणाऱ्याचे पुण्य काहीच नाही.

म्हणून आपल्या कायद्याने नकाराची किंमतही ठरवून ठेवली आहे. देहान्त किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यास चिथावणी दिली आणि तो घडला नाही, तर सात वर्षांपर्यंत कैद. त्या चिथावणीपायी घडलेल्या कृत्याने कोणास दुखापत झाली तर चौदा वर्षांपर्यंत. इतर कैदपात्र गुन्ह्यांच्या बाबतीत मूळ शिक्षेच्या कमाल मुदतीच्या चौथ्या हिश्शापर्यंत. आणि ज्याचे कर्तव्यच तो गुन्हा रोखण्याचे आहे असा लोकसेवक यात गुंतलेला असेल तर निम्म्यापर्यंत. गुन्हा प्रत्यक्ष घडला तर मात्र हिस्सेवाटणी नाही. करणाऱ्यास जी शिक्षा, तीच करवित्यास.

कचेऱ्यांत टेबलामागे बसणाऱ्यांना यातील एक दृष्टान्त विशेष जवळचा वाटेल. जुन्या संहितेच्या ११६ व्या कलमाखाली तो होता. एक गृहस्थ लोकसेवकास लाच देऊ करतो. लोकसेवक ती नाकारतो. गृहस्थ अपराधी ठरतो. पाकीट न स्वीकारणाऱ्या कारकुनाने ते परत करताना समोरच्याला ‘जाऊ द्या, झाले गेले’ म्हणून वाटेला लावावे, असा आपला सामाजिक शिष्टाचार आहे. कायद्याच्या दृष्टीने तो गृहस्थ त्या टेबलापाशी एक संपूर्ण गुन्हा करून परत गेलेला असतो. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनंतर लाच देणे आणि देऊ करणे हा सात वर्षांपर्यंतच्या कैदेचा स्वतंत्र गुन्हा झाला आहे. ज्याला ती बळजबरीने द्यावी लागली त्याने सात दिवसांत तक्रार केल्यास त्याला संरक्षण आहे. मोहात पाडणाऱ्याला निरपराध आणि मोहात पडणाऱ्यालाच तेवढा पापी मानण्याची आपली सवय कायद्याला मान्य नाही.

मोहात पाडण्याचा हा नियम कायद्याच्या रक्षकांनाही लागू व्हावा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५६ साली रामजनम सिंग खटल्यात बजावले होते. माणसाच्या मनात गुन्हेगारी प्रवृत्ती असली, तरी त्याच्या दुर्बल सहनशक्तीपलीकडे त्याला जाणूनबुजून मोहविले जाऊ नये, निदान पोलिसांकडून तरी नाही, अशा आशयाचे ते उद्गार आहेत. सापळा रचणे आणि गुन्हा निर्माण करणे यांतील अंतर पुष्कळदा बोटभर असते. ते मोजण्याची दगदग आपल्या यंत्रणा नेहमीच घेतात असे म्हणवत नाही.

चिथावणी एकाच्या कानात असते तोवर प्रश्न त्या मानाने सरळ आहे. ती छापून आली, सभेत उच्चारली गेली, भिंतीवर डकवली गेली, की कायद्याची परीक्षा सुरू होते. एका पंथाच्या दहांहून अधिक अनुयायांनी अमुक वेळी, अमुक जागी जमून विरोधी पंथाच्या मिरवणुकीवर हल्ला करावा, असा फलक सार्वजनिक जागी लावणारा अपराधी आहे, असे संहितेतील आणखी एक दृष्टान्त सांगतो. फलकावर कोणा व्यक्तीचे नाव असण्याची गरज नाही. १८८१ साली लंडनमध्ये योहान मोस्ट या जर्मन संपादकाला याच तत्त्वावर शिक्षा झाली. रशियाच्या झार अलेक्झांडर दुसरा याच्या हत्येचा गौरव करून इतर राजांच्या बाबतीतही तसेच घडावे असे त्याने आपल्या पत्रात लिहिले होते. वाचक कोण हे त्याला ठाऊक नव्हते. न्यायालयास ते ठाऊक असण्याची आवश्यकता वाटली नाही.

मराठी वाचकास येथे १८९७ साल आठवल्यावाचून राहणार नाही. ‘केसरी’च्या १५ जूनच्या अंकात शिवाजी उत्सवाचा वृत्तान्त आणि ‘शिवाजीचे उद्गार’ प्रसिद्ध झाले, आणि २२ जूनच्या रात्री पुण्यात रँडवर गोळी झाडण्यात आली. सात दिवसांचे हे अंतर अँग्लो-इंडियन पत्रांना पुरेसे वाटले. लेखणीनेच पिस्तूल चालविले, असा त्यांचा सूर होता. सरकारला मात्र न्यायालयात तसे म्हणण्याचे धैर्य झाले नाही. लोकमान्य टिळकांवर खुनास चिथावणी दिल्याचा आरोप ठेवण्यात आला नाही. ठेवला तो राजद्रोहाचा. कारण उघड आहे. चिथावणी सिद्ध करावयाची तर अमुक शब्दांनी अमुक कृत्यास उद्युक्त केले असे दाखवावे लागते. राजद्रोहाला अप्रीती पुरते, आणि न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी तर अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव असा अर्थ ज्यूरीला सांगितला. सहा विरुद्ध तीन मतांनी दोषी ठरवून टिळकांना १४ सप्टेंबर १८९७ रोजी अठरा महिन्यांची सक्तमजुरी फर्मावण्यात आली. अपप्रेरणेच्या गुन्ह्याला पुराव्याची जी कडक अट आहे ती ज्या सत्तेला जाचक वाटते, ती सत्ता सैल व्याख्येचा दुसरा गुन्हा शोधून काढते, हा या खटल्याचा धडा पुढेही अनेकदा उपयोगी पडला. १९०८ साली सरकारने वृत्तपत्रांसाठी चिथावणीचा वेगळा कायदाच केला. त्याने छापखाना जप्त करण्याची सोय झाली.

नाशिकचे प्रकरण निराळे होते. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. त्या वेळी विनायक दामोदर सावरकर हजारो मैलांवर होते. त्यांच्यावरील दुसऱ्या खटल्यात आरोप होता तो या खुनास अपप्रेरणा दिल्याचा, आणि त्याचा आधार लंडनहून पाठविलेली ब्राउनिंग पिस्तुले हा होता. येथे शब्दांची चिकित्सा फारशी नव्हती; वस्तू हाती लागली होती. जानेवारी १९११ मध्ये त्यांना जन्मठेपेची दुसरी शिक्षा सुनावण्यात आली. राजकीय निष्ठा बाजूला ठेवून पाहिले तर या दोन खटल्यांत चिथावणी आणि साहाय्य या दोन कल्पनांमधील सारे अंतर दिसते.

स्वतंत्र भारतालाही या सीमारेषेचा प्रश्न लगेचच सोडवावा लागला. बिहारातील ‘संग्राम’ नावाच्या पत्रकावरून एका छापखान्याकडे तारण मागण्यात आले आणि प्रकरण पाटणा उच्च न्यायालयात गेले. राज्यघटनेतील भाषणस्वातंत्र्याच्या तत्कालीन शब्दयोजनेप्रमाणे खुनाची चिथावणी देणाऱ्यासही अडविता येणार नाही, असे तेथील एका न्यायमूर्तींनी म्हटले. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने एकोणिसाव्या अनुच्छेदात ‘गुन्ह्यास चिथावणी’ हे शब्द घातले गेले त्यामागील कारणांत या मताची गणना होते. पुढे १९५२ साली शैलबाला देवी खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाने कायदा वैध ठरविला. मात्र ते पत्रक चिथावणीखोर ठरविण्यास नकार दिला. रक्त, अग्नी, विनाश यांच्या अलंकारिक भाषेने भरलेले लिखाण समग्र आणि उदार दृष्टीने वाचावयास हवे. खवळलेल्या जमावापुढे ते वाचले गेले असते तर गोष्ट वेगळी, पण तसे घडल्याचे सिद्ध करणे सरकारचे काम आहे, असा त्या निकालाचा आशय होता. वीररसाच्या कविता शाळेत तालासुरावर म्हणवून घेणाऱ्या शिक्षकांना या निकालाने नकळत अभय दिले आहे. २४ मार्च २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात सर्वोच्च न्यायालयाने हाच विचार अधिक नेमका केला. चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी या तीन पायऱ्या आहेत. एखाद्या मताची चर्चा करणे, त्याचा कितीही अप्रिय पुरस्कार करणे हा नागरिकाचा अधिकार आहे. तिसरी पायरी आली म्हणजेच राज्यसत्तेला हात घालता येईल.

शब्दांची ही पारख घरगुती भांडणातही करावी लागते, आणि तेथे ती अधिक नाजूक असते. आत्महत्येस प्रवृत्त करणे हा दहा वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. जुन्या संहितेत ३०६ वे कलम, आज १०८ वे. ‘जा, मर एकदाचा’ हे वाक्य महाराष्ट्रातील किती घरांत किती वेळा उच्चारले जात असेल! संजू सिंग सेंगर खटल्यात असेच शब्द भांडणाच्या भरात उच्चारले गेले होते आणि दोन दिवसांनी ऐकणाऱ्याने गळफास घेतला. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली निर्णय दिला की रागाच्या झटक्यात निघालेल्या उद्गारामागे तसे घडावे असा हेतू असतो असे मानता येत नाही. तो चिथावणी ठरत नाही. निर्णय योग्यच आहे. मृत्यूने प्रत्येक शब्दाला मागाहून एक भयंकर अर्थ चिकटतो, आणि त्या अर्थाच्या उजेडात कोणाचेही बोलणे वाचले तर सुटेल कोण? पण या निकालाचा आधार प्रत्येक छळवाद्याला घेता येत नाही. ज्याने महिनोन्‌महिने पद्धतशीरपणे एखाद्याच्या जगण्याच्या वाटा बंद केल्या, त्याने ‘मर’ हा शब्द एकदाही उच्चारला नसला तरी न्यायालये त्याच्या वर्तनाचा हिशेब मांडू शकतात, आणि अनेकदा मांडतात. परिस्थितीच बोलते तेव्हा शब्दाची गरज उरत नाही.

मुंबईने या गुन्ह्याला बहाल केलेले नाव ‘सुपारी’ हे आहे. मराठी संस्कृतीत सुपारीइतकी सोज्ज्वळ वस्तू शोधून सापडणे कठीण. तिचा गणपती होतो. ती फोडून विवाह ठरतो. कीर्तनकाराला, तमाशाच्या फडाला निमंत्रण द्यावयाचे ते सुपारी देऊन. सुपारी घेतली की शब्द दिला, मग माघार नाही. भर दरबारात मोहिमेचा विडा उचलण्याची रीतही याच कुळातील, आणि अफझलखानाने विजापुरात उचललेला विडा प्रत्येक शाळकरी मुलास ठाऊक आहे. शब्द पाळण्याची ही खूण टोळ्यांच्या जगात गेली आणि माणूस मारण्याच्या कंत्राटाचे नाव झाली. आज ‘त्याने सुपारी घेतली’ म्हटल्यावर कीर्तन कोणाच्याही मनात येत नाही.

सुपारीच्या व्यवहाराचे सारे कौशल्य साखळी लांबविण्यात असते. ज्याला काटा काढावयाचा तो मध्यस्थाला गाठतो, मध्यस्थ टोळीतील हस्तकाला, हस्तक दोघा पोरांना. पोरांना बळी कोण हे छायाचित्रावरून कळते, धनी कोण हे कधीच कळत नाही. मेकॉलेच्या मसुद्याच्या वारसांनी या साखळीची कल्पना केलेली होती. अपप्रेरणेस अपप्रेरणा देणे हाही गुन्हाच आहे. ‘क्ष’ने ‘य’ला सांगितले, ‘य’ने ‘ज्ञ’ला, आणि ‘ज्ञ’ने खून केला, तर ‘क्ष’ खुनाच्याच शिक्षेस पात्र, असे संहिता स्पष्ट बजावते. करवित्याने करणाऱ्याशी प्रत्यक्ष बोलणे केलेले असले पाहिजे असेही नाही. कायद्यात उणीव नाही. उणीव असते ती पुराव्यात. साखळीची प्रत्येक कडी पुढील कडीची साक्षीदार, आणि तोच तिचा साथीदार. साथीदाराच्या साक्षीवर शिक्षा देता येते असे कायदा म्हणतो. अन्य पुराव्याचा दुजोरा नसताना ती देऊ नये असा न्यायालयांचा प्रघात आहे. पोलिसांपुढील कबुली अग्राह्य. परिणामी कट्टा चालविणारा सापडतो, त्याच्या मागचा अर्धवट सापडतो, आणि त्याच्या मागचा दिसेनासा होतो.

१९९९ साली महाराष्ट्राने संघटित गुन्हेगारीविरुद्ध केलेला कायदा, सर्वांच्या तोंडी असलेला ‘मोक्का’, या दिसेनासे होण्यावरचा उपाय म्हणून आला. पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढील कबुली त्याने ग्राह्य केली, दूरध्वनी ऐकण्याची रीतसर परवानगी दिली, आणि अपप्रेरकाला गुन्हेगाराच्याच रांगेत बसविले. दूरध्वनीविषयीच्या तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली वैध ठरविल्या. ११ जून २०११ रोजी पवईत पत्रकार ज्योतिर्मय डे यांना गोळ्या घालण्यात आल्या तेव्हा हुकूम देणारा छोटा राजन परदेशात होता. २०१५ साली इंडोनेशियातून त्याला आणण्यात आले आणि २ मे २०१८ रोजी विशेष न्यायालयाने त्याला इतर आरोपींबरोबर जन्मठेप दिली. नव्या संहितेच्या ४८ व्या कलमाने आता परदेशात बसून भारतातील गुन्ह्यास चिथावणी देणे हे स्पष्ट शब्दांत अपप्रेरणेत घातले आहे. समुद्रापलीकडून येणाऱ्या दूरध्वनींचा अनुभव असलेल्या मुंबईकराला हे कलम उशिरा आले असेच वाटेल. असल्या कठोर कायद्यांचा गैरवापर होतो ही तक्रार खोटी नाही, आणि पोलिसांपुढील कबुलीची सवय तपासाला आळशी बनविते हेही खरे. पण डे यांच्या खटल्यात आज्ञा देणाऱ्यापर्यंत न्यायालयाचा हात पोचला, हेही नाकारता येत नाही.

तो नेहमी पोचत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात हत्या झाली. १० मे २०२४ रोजी, म्हणजे जवळजवळ अकरा वर्षांनी, पुण्याच्या विशेष न्यायालयाने गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांची पुराव्याअभावी मुक्तता केली. ज्याच्यावर कटाच्या सूत्रधारपणाचा आरोप होता तोही त्या तिघांत होता. निकालात न्यायालयाने नोंदविलेले निरीक्षण मात्र त्या दोन शिक्षांपेक्षा अधिक काळ लक्षात राहावे असे आहे. शिक्षा झालेल्यांची परिस्थिती पाहता ते सूत्रधार नव्हेत. सूत्रधार दुसराच कोणी आहे. त्याला उजेडात आणण्यात पुणे पोलीस आणि केंद्रीय अन्वेषण विभाग या दोघांनाही अपयश आले. आणि हे अपयश आहे की कोणाच्या प्रभावाखालील निष्क्रियता, याचा विचार त्यांनीच करावयाचा आहे, असा त्याचा भावार्थ. ज्या राज्यात रामशास्त्र्यांचे नाव न्यायाच्या प्रत्येक समारंभात घेतले जाते, त्या राज्यातील एका न्यायालयाला हत्येनंतर अकरा वर्षांनी असे लिहावे लागले.

साखळीच्या अगदी टोकाशी अलीकडे एक नवी कडी दिसू लागली आहे, आणि तिची चिंता शिक्षकांनी सर्वांत आधी करावी अशी आहे. पुण्यात कोयते घेऊन दहशत माजविणाऱ्या टोळ्यांत गेल्या काही वर्षांत अल्पवयीन मुलगे वरचेवर आढळले. मुलाला सौम्य वागणूक मिळते, तो बालन्याय मंडळापुढे जातो, हे हिशेबी करवित्यांना चांगले समजते. हा हिशेबही जुनाच आहे. अजाण बालकाच्या हातून विष देवविणाऱ्याचा दृष्टान्त १८६० च्या कायद्यात होता: बालक गुन्हेगार ठरत नाही, त्याला पाठविणारा ठरतो, आणि बालकाने चुकून शेजारच्याच्या ताटात विष कालविले तरी पाठविणारा सुटत नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्याने मुलांना बेकायदा कामांत वापरणाऱ्या प्रौढांना सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड ठेवला. नव्या संहितेचे ९५ वे कलम त्याहून पुढे जाते. गुन्ह्यासाठी मुलाला कामावर ठेवणाऱ्यास किमान तीन आणि कमाल दहा वर्षे कैद. आणि मुलाने तो गुन्हा केला तर तो जणू त्या प्रौढानेच केला असे धरून शिक्षा.

कलम चांगले आहे. त्याचा उपयोग व्हावयाचा तर पकडलेल्या मुलाला विचारला जाणारा पहिला प्रश्न बदलावा लागेल. ‘का केलेस?’ या प्रश्नाला सोळा वर्षांच्या मुलापाशी उत्तर नसते, असले तर ते पढविलेले असते. कोयता कोणी दिला, गाडीत पेट्रोल कोणी भरले, त्या संध्याकाळी जेवण कोणी घातले, हे प्रश्न त्याला उत्तरे देता येण्याजोगे आहेत, आणि त्या उत्तरांची नोंद पहिल्याच दिवशी व्हावयास हवी. दुसऱ्या दिवशी मुलाच्या आईबापांना भेटावयास कोणीतरी गेलेला असतो.